पावसाळी विश्रांतीचा काळ, जड वजने आणि मोजक्या उड्या: एका रस्ता-सायकलपटूचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका विशीतल्या सायकलपटूचे आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. येथे तिला केतकी म्हटले आहे. ती राज्य पातळीवरील रस्ता शर्यतींत चार वर्षे उतरत होती, आठवड्याला साधारण बारा तास सायकल चालवत होती आणि महाविद्यालयात शिकत होती. तिचे सायकल प्रशिक्षक अनुभवी असून गावात सर्वजण त्यांना सर म्हणतात. ताकदीच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि सांधे-स्नायूंची देखरेख एका फिजिओथेरपिस्टकडे.

आपल्याकडच्या बहुतेक रस्ता शर्यती दिवाळीनंतरच्या थंडीच्या महिन्यांत होतात. त्यामुळे खरा बिगर-हंगाम म्हणजे मेच्या उन्हापासून सप्टेंबरच्या पावसापर्यंतचा काळ. युरोपातील प्रशिक्षणविषयक मजकुरात ताकदीचे महिने म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी सांगितलेले असतात आणि तेच वेळापत्रक जसेच्या तसे उचलणारे सायकलपटू आपल्याकडे पुष्कळ आहेत. ऐन शर्यतींच्या दिवसांत जड स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) सुरू करून पाय जड करून घेण्याचा प्रकार त्यातूनच होतो. केतकीच्या बाबतीत सरांनी ही गफलत होऊ दिली नव्हती. पण त्यांच्या मते पावसाळा हा फक्त ‘बेस’चा काळ होता, म्हणजे लांब, संथ आणि भरपूर सायकलिंग.

समस्या

हंगामाच्या शेवटी दोन गोष्टी समोर आल्या. पहिली शर्यतीतील होती. पॉवर मीटरच्या (पॅडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींनुसार ताज्या पायांनी केतकी १५ सेकंदांच्या झेपेत (स्प्रिंटमध्ये) सरासरी ५६० वॅट देत होती, पण दोन तासांच्या सायकलिंगनंतर तीच झेप ४५० वॅटवर येत होती. घाटात ती बंचबरोबर (सायकलपटूंच्या मुख्य घोळक्याबरोबर) टिकायची, शेवटच्या वळणापर्यंत पुढच्या दहांत असायची आणि अखेरच्या दोनशे मीटरमध्ये मागे पडायची.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. फेब्रुवारीत एका वळणावर अगदी कमी वेगात ती हातावर पडली आणि मनगटाचे हाड मोडले. वेगात पडून सायकलपटूचे कॉलरबोन मोडणे नित्याचे आहे, त्यावरून हाडे कमकुवत असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. इथे मात्र आघात इतका किरकोळ होता की अस्थिरोगतज्ज्ञांनी रक्तातील ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला सांगितली. ड जीवनसत्त्व कमी निघाले. कमरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर उणे १.७ आला आणि खुब्याचा उणे १.१. या वयात तुलना समवयस्कांशी करायची असल्याने टी-स्कोअर नव्हे, तर झेड-स्कोअर पाहतात आणि उणे २ किंवा त्याखालील आकडा वयाच्या मानाने कमी समजला जातो. केतकी त्या रेषेच्या वर होती, पण खेळाडूच्या मानाने हा आकडा समाधानकारक नव्हता.

सायकलिंग हृदयाला आणि फुप्फुसांना भरपूर देते, हाडांना फारच थोडे. शरीराचा भार खोगीर पेलते, जमिनीचा धक्का बसत नाही आणि स्नायू जवळजवळ सारे काम आखडतानाच करतात, ताणले जात असताना करत नाहीत. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमनला तिशीच्या आसपासच हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराचे निदान झाले होते. उत्तम सायकलपटूचीही हाडे कमकुवत असू शकतात, हे पालकांना पटवून देताना हे उदाहरण आम्हांला उपयोगी पडले.

पहिला निर्णय: आधी काय विचारायचे?

पहिल्या बैठकीत सर, केतकी, तिची आई, फिजिओथेरपिस्ट आणि मी होतो. बोलणे लगेच व्यायामांकडे वळले. फिजिओथेरपिस्टने मात्र ते थांबवले आणि सर बाहेर गेल्यावर केतकीला मासिक पाळीविषयी विचारले. गेल्या आठ महिन्यांत पाळी फक्त तीनदा आली होती. “शर्यती चालू असल्या की असंच होतं, मॅडम, सगळ्याच मुलींचं होतं,” असे ती म्हणाली. तिच्या आईलाही याची पूर्ण कल्पना नव्हती.

या एका उत्तराने प्रकरणाची दिशा बदलली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि इतर कारणे तपासून बाजूला सारली आणि शरीराला ऊर्जा अपुरी पडत असल्याकडे बोट दाखवले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली खेळातील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता म्हणून जी स्थिती मांडली, ती हीच. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा आहारातून वजा केल्यावर शरीराच्या इतर कामांसाठी फारच थोडी उरते. मग शरीर पाळी, हाडांची बांधणी आणि दुरुस्ती यांवरचा खर्च कमी करते.

हिशेब करून पाहिला. केतकीचे वजन ५१ किलो होते, त्यातील चरबीविरहित भाग सुमारे ४२ किलो. तिच्या आहाराची नोंद दिवसाला अंदाजे २,००० कॅलरी भरली आणि सायकलिंगचा खर्च सरासरी १,०००. म्हणजे चरबीविरहित वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २४ कॅलरी उरत होत्या. ४५ च्या आसपासचा आकडा पुरेसा मानतात आणि ३० च्या खाली धोका धरतात. पहाटे पाचला नुसता चहा घेऊन ती सायकलवर निघायची, नऊला परत येऊन वाटीभर पोहे खायची, डब्यात दोन चपात्या आणि भाजी असायची, संध्याकाळी पुन्हा चहा आणि रात्री एक भाकरी. भात तिने हंगामापूर्वी बंद केला होता, घाटात हलके वाटावे म्हणून.

हलके राहण्याचा हा ध्यास तिच्या एकटीचा नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात सर्वांत पुढे असणाऱ्याला घाटाचा राजा म्हणून गौरवले जाते. आपल्याकडच्या सायकलिंगमध्ये चढाला मान आहे आणि तो असायलाही हवा. पण त्यातून काटक म्हणजे चांगला, असा जो समज तयार होतो, तो विशेषतः मुलींना महागात पडतो.

समोर असलेले पर्याय

सरांचा पहिला पर्याय मोठ्या गिअरचा होता. चढावर जड गिअर लावून मिनिटाला पन्नास फेऱ्यांनी पॅडल मारायचे, म्हणजे सायकलवरच ताकद येते. या सरावाला त्याचे स्थान आहे, पण त्यात प्रत्येक फेरीत लागणारे बल कमाल ताकदीच्या बरेच खाली राहते. तसे नसते तर तो दहा मिनिटे करता आलाच नसता. शिवाय हाडांना त्यातून काहीच मिळत नाही.

दुसरा पर्याय घरातून आला. केतकीचे आजोबा तालमीत वाढलेले. त्यांनी रोज तीनशे बैठका सुचवल्या. तालमीच्या परंपरेविषयी मला मनापासून आदर आहे, आणि ज्याने कधी सायकलखेरीज व्यायाम केला नाही त्याला पहिले काही आठवडे बैठकांचा फायदा होतोच. परंतु तीनशे वेळा करता येणारी हालचाल दमश्वास वाढवते, आणि केतकीकडे तो आधीच भरपूर होता. तिला हवे होते ते चार-सहा वेळांतच थांबावे लागेल असे ओझे.

तिसरा पर्याय गावातल्या जिमचा नेहमीचा तक्ता: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, आठवड्यातून एकदा पाय आणि तेही चालता येणार नाही इतके. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला.

चौथा पर्याय म्हणजे आठवड्यातून दोनदा जड वजने आणि पुढे टप्प्याटप्प्याने उड्या. नॉर्वेतील संशोधक बेंट रोनेस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षित सायकलपटूंवर केलेल्या प्रयोगांत, नेहमीच्या सायकलिंगबरोबर बारा आठवडे आठवड्यातून दोनदा जड वजने घेतलेल्यांची तीन तासांहून लांब सायकलिंगनंतरच्या पाच मिनिटांच्या जोरदार प्रयत्नातील कामगिरी सुधारली होती. केतकीचे दुखणेही थकल्यावरच्या जोराचेच होते, म्हणून हा पुरावा आम्हांला थेट लागू वाटला.

उड्यांविषयी मात्र बेताने बोलावे लागते. धावपटूंना उड्यांचा लाभ होतो, कारण धावताना टाचेमागचा स्नायुबंध प्रत्येक पावलाला ताणून परत झेपावतो. पॅडल मारताना हे जवळजवळ होतच नाही. मग सायकलपटूने उड्या कशासाठी माराव्यात? एक, बल वेगाने उभे करण्यासाठी. मिनिटाला १०० फेऱ्यांच्या गतीत एक फेरी ०.६ सेकंदांची असते आणि पाय खाली दाबण्याला त्यातले जेमतेम ०.३ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात बल उभे राहिले नाही, तर ते असून नसल्यासारखेच. दोन, आणि आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे, हाडांसाठी. हाडाला झटक्याने येणारा भार कळतो, संथ भार फारसा कळत नाही. म्हणून आम्ही ठरवले की वॅट वाढवण्याचे काम वजने करतील, उड्यांकडून तेवढी अपेक्षा ठेवायची नाही.

दुसरा निर्णय: काय काढायचे?

दोन दिवस जिमचे घालणे सोपे होते. प्रश्न होता, त्यासाठी काय वगळायचे. बिगर-हंगामातील ताकदीचे प्रशिक्षण फसते ते बहुधा इथेच. आधीचे सारे तसेच ठेवून वर आणखी एक ओझे चढवले जाते आणि महिन्याभरात दोन्हीकडचे काम अर्धवट होते. केतकीच्या बाबतीत तर वाढीव खर्च परवडणाराच नव्हता.

बऱ्याच चर्चेनंतर सरांनी सायकलिंग बारा तासांवरून आठ तासांवर आणायला मान्यता दिली. आठवड्यात तीव्र सायकलिंगचा एकच दिवस राहिला आणि तो सकाळी ठेवून संध्याकाळी जिम, असे जोडले; दुसऱ्या दिवशी अगदी हलके काम. कठीण दिवस पुरता कठीण आणि सोपा दिवस खरोखर सोपा राहावा, हा त्यामागचा विचार. जिमचा दुसरा दिवस तीन दिवसांनी. मुसळधार पावसात रस्त्याऐवजी घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर.

आहारात कसलीही महागडी भुकटी आणली नाही. निघण्यापूर्वी केळे आणि दोन खजूर, सायकलवर साखर-मीठ-लिंबाच्या पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची चिक्की, परतल्यावर दोन अंडी आणि पोह्यांचा दुप्पट वाटा, रात्री भात पुन्हा ताटात. ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने. पहिले तीन आठवडे तिच्या आईने वजनकाटा कपाटात ठेवून दिला. ही कल्पना त्यांचीच, आणि ती फार मोलाची ठरली.

प्रत्यक्ष काम

जूनचे पहिले तीन आठवडे हालचाली शिकण्यात गेले. मनगट नुकतेच जुळले असल्याने खांद्यावर बारबेल घेऊन मनगट मागे वाकवणे टाळले. एका पायाने लेग प्रेस (यंत्रावरचे वजन पायाने ढकलणे), हातात डंबेल घेऊन स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक), पट्ट्यांच्या आधाराने रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन खाली-वर करणे), उभ्याने पोटऱ्यांचा व्यायाम आणि केबलला पाय अडकवून मांडी वर उचलणे, एवढेच व्यायाम होते. सुरुवातीला दहा-बारा रेप्सचे (आवर्तनांचे) दोन सेट, मग आठ, सहा आणि ऑगस्टमध्ये चार-पाच रेप्सचे तीन सेट. प्रत्येक सेटच्या शेवटी आणखी एक-दोन रेप्स निघतील इतकी ताकद शिल्लक ठेवायची, आणि वजन खाली आणताना घाई नाही. सायकलपटूंचे स्नायू वजन खाली उतरवण्याला सरावलेले नसतात. पहिल्या आठवड्यात पायऱ्या उतरताना केतकीला कठडा धरावा लागत होता, हे अपेक्षितच होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ट्रेनरवरचे वॅट घसरले. सरांचे म्हणणे पडले की जिम बंद करावी. नोंदी उघडल्यावर दिसले की मैत्रिणींबरोबर बुधवारची एक घाटफेरी आराखड्याबाहेर सुरू झाली होती. इथे दोन्ही बाजूंनी बोलता येण्यासारखे होते: मैत्रिणींबरोबरची फेरी तिच्या मनाला हवी होती आणि ती बंद करणे सोपे नव्हते. शेवटी जिम ठेवली आणि बुधवारची फेरी सपाट रस्त्यावरच्या तासाभराच्या गप्पांच्या फेरीत बदलली. दोन आठवड्यांत वॅट पूर्वपदावर आले.

उड्या मात्र लगेच सुरू केल्या नाहीत. हाडे अशक्त आणि पाळी अनियमित असताना धक्के वाढवणे म्हणजे ताण-अस्थिभंगाला आमंत्रण. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ दोघांच्या संमतीनंतर, जुलैच्या मध्यावर, फक्त उतरणे शिकवले. सुमारे वीस सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून रबरी मॅटवर खडूने आखलेल्या चौकटीत उतरायचे आणि तिथेच स्थिर व्हायचे. फिजिओथेरपिस्ट पाठ फिरवून उभी राहायची आणि केवळ आवाज ऐकायची. धप्प असा आवाज आला की उतरणे रद्द. गुडघे आत वळतात का, हे मी समोरून पाहत असे. पाच-पाचचे तीन सेट झाले की त्या दिवसाचे काम संपले.

ऑगस्टमध्ये खोक्यावर चढती उडी आली. तीत वर उडी मारून खाली मात्र एकेक पाय टाकत उतरायचे असल्याने धक्का कमी बसतो. नंतर जागच्या जागी उभी उडी, आणि शेवटी घोट्याएवढ्या अडथळ्यांवरून सलग तीन उड्या. एका सत्रात जमिनीला पाय टेकण्याची संख्या वीसपासून सुरू करून पन्नासवर थांबवली. प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दिसते की सलग भार पडत राहिला की हाडांतील पेशींची दखल घेण्याची क्षमता काही डझन धक्क्यांतच मंदावते आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर परत येते. शंभर उड्यांनी दुप्पट लाभ होत नाही, धोका मात्र वाढतो. दोन उड्यांमध्ये थांबणे केतकीला सर्वांत जड गेले. तिला ते आळसासारखे वाटे.

तिसरा निर्णय: नडगीचे दुखणे

ऑगस्टच्या अखेरीस नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. विचारल्यावर कळले की एक व्हिडिओ पाहून ती रोज घरच्या गच्चीवर, सिमेंटवर, दोरीच्या उड्या मारत होती. आता प्रश्न होता तो दुखणे पसरट आहे की एका बोटाने दाखवता येईल इतके नेमके. हाडावर एकाच ठिकाणी दाबल्यावर दुखत असेल, तर ताण-अस्थिभंगाची शंका घ्यावी लागते, आणि सुरुवातीच्या दिवसांत तो साध्या एक्स-रेवर बहुधा दिसत नाही. दुखणे पसरट होते. तरीही तिची पूर्वपीठिका लक्षात घेऊन डॉक्टरांनी एमआरआय केला. खर्च कुटुंबाला जाणवणारा होता आणि तो करावा की नाही यावर दोन दिवस गेले. अहवालात अस्थिभंग नव्हता. दोन आठवडे सर्व उड्या बंद, वजने आणि सायकलिंग चालू. त्यानंतर पुन्हा पायरीवरून उतरण्यापासून सुरुवात.

निष्पत्ती

ऑक्टोबरच्या चाचण्यांत केतकीचे वजन ५२.६ किलो होते. उभ्या उडीत हवेत राहण्याचा वेळ ०.४४ सेकंदांवरून ०.४८ वर गेला, म्हणजे उंची सुमारे २४ सेंटिमीटरवरून २८ वर. ताज्या पायांची १५ सेकंदांची झेप ५६० वरून ६०० वॅटवर आणि दोन तासांनंतरची ४५० वरून ५१५ वर. तासभर टिकवता येणारी तिची क्षमता १८० वरून १८४ वॅट झाली. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर चढावर ती होती तिथेच राहिली. मांड्या जाड होऊन घाटात मागे पडण्याची तिची भीती खरी ठरली नाही, पण घाटात ती अधिक वेगवानही झाली नाही. डिसेंबरच्या एका शर्यतीत ती अखेरच्या झेपेत पाचवी आली. आधीच्या वर्षी त्याच शर्यतीत ती सतरावी होती.

पाळी सप्टेंबरमध्ये परत आली आणि डिसेंबरपर्यंत नियमित झाली. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निकाल मी हाच मानते. वर्षानंतर त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर केलेल्या डेक्सा तपासणीत कमरेचा झेड-स्कोअर उणे १.४ आला. एवढा फरक काही अंशी मोजमापाच्या चुकीतूनही येऊ शकतो. आहार, ड जीवनसत्त्व, पाळी, वजने आणि उड्या हे सगळे एकाच वेळी बदलल्याने श्रेय कोणाला द्यावे, हे या एका प्रकरणावरून ठरवता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

पाळी आणि आहाराची चौकशी हाड मोडल्यानंतर झाली; ती खरे तर दरवर्षी हंगाम संपताच, सायकलच्या चाचणीबरोबरच व्हायला हवी होती. ती कोणी करायची, हेही आधी ठरलेले असावे लागते. पुरुष प्रशिक्षकाला विचारणे अवघड आणि मुलीला सांगणे त्याहून अवघड, म्हणून ते काम बरीच वर्षे कोणाचेच नसते. आता सरांच्या गटात हे काम फिजिओथेरपिस्टकडे आहे.

घरी काय करायचे नाही, हेही लिहून द्यायला हवे होते. उत्साही खेळाडूला उड्या आठवड्यातून दोनदाच, असे सांगितले, तर उरलेले पाच दिवस तिला रिकामे दिसतात.

कामाची सुरुवात जूनऐवजी मेमध्ये करता आली असती. उन्हामुळे सायकलिंग तसेही कमी होते आणि परीक्षाही संपलेल्या असतात. हालचाली शिकण्याचे तीन आठवडे तिथे गेले असते, तर नडगीच्या दुखण्यात गेलेला वेळ भरून निघाला असता.

आणि हंगामातील काम. रोनेस्टाड यांच्याच गटाच्या अभ्यासांनुसार कमावलेली ताकद आठवड्यातून एका जड सत्राने टिकवता येते. डिसेंबरपर्यंत केतकीने ते पाळले. जानेवारीत लागोपाठच्या प्रवासांत जिम सुटली, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस थकलेल्या पायांची झेप ४८० वॅटवर आली होती. या वर्षी प्रवासाच्या आठवड्यांसाठी वेगळे सत्र लिहिले आहे: एका पायाने स्प्लिट स्क्वॉट, पाठीवर सामानाने भरलेली पिशवी, आणि पायरीवरून दहा उतरणी. जड लेग प्रेसची बरोबरी त्याने होणार नाही, म्हणून घरी परतल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी जिम ठरलेली आहे आणि त्या दिवसाच्या सायकलिंगमधून सरांनी एक तास काढून ठेवला आहे.